तीन नावांचं एक वाद्य

कोत्का. जानेवारी. बर्फ फोडणारी बोट
बंदरात रात्रभर घरघरत होती.
खालच्या मजल्यावर वेइक्को सोर्वाली अकॉर्डियन दुरुस्त करतात,
वरच्या मजल्यावर मी भाडेकरू,
दोन महिन्यांचं भाडं थकलेलं.
ते म्हणाले, "पैसे राहू देत.
माझी वेबसाइट कुणाला सापडत नाही, तेवढं बघ."

शोधलं, तर नवव्या पानावर.
नवव्या पानापर्यंत कोण जातं?
हरवलेला, नाहीतर लपायला निघालेला.

कुणा पुतण्यानं कधीकाळी करून दिलेली साइट.
पानाच्या तळाशी, पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत
त्यानं एकच शब्द चाळीसदा लिहून ठेवलेला:
हार्मोनिक्का हार्मोनिक्का हार्मोनिक्का,
माणसांना दिसू नये, यंत्र मात्र भुलावं म्हणून.
यंत्र भुललं नाही.
एकच बटण दाबून धरणाऱ्या पोराला
घरातले जसे अंगणात काढतात,
तसं त्यानं या दुकानाला काढलं होतं.

मी चाळीसही पुसले.
वेइक्को चष्मा कपाळावर सारून म्हणाले,
"पण शब्द तर बरोबर होता."
होता. पाटीवरचा, पावतीवरचा, संगीतशाळेतला.
फक्त घरात तो कुणी बोलत नाही.
घरात म्हणतात हाइतारी.
आणि बिअरच्या दुसऱ्या ग्लासानंतर हानुरी,
ज्याचा दुसरा अर्थ आपण बसतो त्या भागाशी निगडित आहे.
"ते माझ्या दुकानावर येणार नाही."
"दुकानावर नको. आत कुठंतरी, एका वाक्यात, एकदाच."
त्यांनी मेण वितळायला ठेवलं, बोलले नाहीत.
म्हणजे हो.

मग मी विचारलं, फोनवर लोक काय म्हणतात?
त्यांनी तेलकट वही पुढं सरकवली.
एकोणतीस वर्षांच्या तक्रारी, ऐकल्या तशा, पेन्सिलीनं:
बोट उचललं तरी सूर थांबत नाही.
भात्याला तळघराचा वास येतो.
डावीकडचं एक बटण आत गेलं ते गेलंच.
हीटर लावल्यापासून दोन सूर घोगरे.
बाबांचा हाइतारी श्वास घेत नाही.

त्या रात्री वही मिटलीच नाही.
'स्वरपट्ट्यांचे मेणपुनर्लेपन' हा मथळा काढून
तिथं लिहिलं: हिवाळ्यात हाइतारी घोगरा का होतो.
एकेका दुखण्याला एकेक पान,
पानाला त्या दुखण्याचंच नाव,
गावाचं नाव जिथं सहज येईल तिथं,
फोटोखाली, ज्याला दिसत नाही त्यालाही कळावी
अशी साधी ओळ: उघडा भाता, सतरावी घडी फाटलेली.
शोधाचा शब्द भाजीतल्या मिठाएवढा.

एप्रिलात बर्फ सुटला. आम्ही पहिल्या पानावर, तिसरे.
पहिला हेलसिंकीचा एक मोठा व्यापारी,
जो दुरुस्ती करतच नाही.
असो.

एक गोष्ट मात्र मी दडवली होती.
लोक सगळ्यात जास्त जे शोधत होते
त्यात दुरुस्ती नव्हतीच:
जुना हाइतारी केवढ्याला जाईल.
ते शब्द घेतले असते तर आम्ही पहिले,
हिशेब करून झाला होता.
शेवटी सांगून टाकलं. वेइक्को बराच वेळ
एक पातळ पट्टी दिव्यासमोर धरून
तिची फट न्याहाळत राहिले.

"घे," म्हणाले. "वर मोठ्या अक्षरांत लिही तेच.
खाली मी सांगतो ते."
मी टाइप करत गेले:

किंमत सांगेन. फोनवर नाही.
घेऊन या.
विकण्याआधी एकदा माझ्यासमोर उघडा,
आत थोडी हवा जाऊ द्या.

शनिवारी दारात तीन पेट्या होत्या.
एकीवर एक मुलगा बसलेला, बूट ओले,
कडीवर अंगठा ठेवून.